मोरीची पाहणी

१

वैशाखात जव्हारमध्ये माणूस बुडून मरत नाही. हा सृष्टीचा नियम आहे आणि राजेलोकांच्या अमदानीतसुद्धा तो कुणी मोडला नव्हता. या दिवसांत विहिरींचे तळ दिसतात, तळ्यात उभ्या राहिलेल्या म्हशींचे गुडघे भिजत नाहीत, आणि तिकडं सूर्यमाळला बाया झऱ्याच्या ओलीपाशी वाटी घेऊन बसून राहतात. ज्याला बुडून जीव द्यायचा असेल त्यानं आषाढापर्यंत दम धरावा, अशी इथली रीत.

आत्माजी पडवळ्यांनी दम धरला नाही. मंगळवारी सकाळी, स्वतःच्या घराच्या मागच्या अंगणात, स्वतःच्या मोरीच्या पाण्यात ते बुडून मेले.

आत्माजी हे संस्थानच्या पाणीखात्याचे दारोगा. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या पाठोपाठ पाणीखातं विलीन झालं, दारोग्याचा पट्टा आणि पगडी खुंटीवर विलीन झाली. राहता राहिली ती घरची मोरी. तिच्यावर मात्र आत्माजींचा अंमल शेवटपर्यंत चालला. घरातलं न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागं पडे ते पेंढ्याच्या गाळणीवर. खरकटं आणि तेल पेंढ्यात अडके. मग वाळू, कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेला खड्डा. त्यातून झिरपून पाणी चुन्यानं बांधलेल्या कुंडीत येई, कुंडीच्या तळाच्या भोकातून अळवाच्या वाफ्यात जाई, आणि वाफ्याच्या टोकाला पुरलेल्या रांजणात शेवटी जे गोळा होई त्याला आत्माजी ‘तीर्थ’ म्हणत. साबणानं अळू जळतं म्हणून घरात साबणाला बंदी होती. माणसं मळकट राहिली तरी चालेल, अळू हिरवं पाहिजे.

फौजदार जिवाजी ठोमरे पोहोचले तेव्हा दारोगा कुंडीत डोकं खाली करून पडले होते. रोज पहाटे ते स्वतः पेंढा बदलत. जुना पेंढा बाजूला काढलेला होता, नवा घातलेला होता, आणि कुंडीच्या कडेवर पाय घसरल्याची खूण होती. कुंडी वरपर्यंत भरली होती. तळाच्या भोकात चिखलाचा बोळा ठोकून बसवला होता, म्हणून पाणी वरच्या सांडव्यातून रस्त्यावर गेलं होतं, आणि त्या चिखलात गावची दोन डुकरं सुखानं लोळत होती. साऱ्या जव्हारात त्या दिवशी सुखी अशी तेवढीच दोघं.

पडवीत घरची माणसं उभी होती. मुलगा रघुनाथ, हा प्राथमिक शाळेत मास्तर. त्याची बायको धाकली, पदराआडून ओले केस पाठीवर सोडलेली. आणि आत्माजींची विधवा बहीण धोंडीबाई, जिला सगळं गाव आक्का म्हणे. आक्का एकदा नाशिकला गेल्या होत्या. बाकीचे लोक तिथून गोदेचं पाणी घेऊन येतात, त्या सोवळं घेऊन आल्या होत्या. आत्ता त्या चिंचेचा गोळा हाताला चोळत बसल्या होत्या.

अळवाच्या वाफ्यापलीकडं रिकामा हंडा घेऊन सोमी बसली होती. ही सूर्यमाळची. उन्हाळा लागला की पाण्यासाठी जव्हारच्या वेशीवर येऊन झोपडीत राही आणि पडवळ्यांच्या गोठ्याचं शेण काढी. मजुरी म्हणून रांजणातलं पाणी मिळे.

“हिनंच मारलं,” रघुनाथ मास्तर म्हणाले. “काल बाबांनी हिचा हंडा लाथेनं उडवला. त्या रागानं अळू मारायला हिनं बोळा घातला, बाबांनी पकडलं, तर ढकलून दिलं.”

सोमीनं हंडा जवळ ओढला. फौजदारांनी तिला चौकीत नेलं, कारण कुणाला तरी न्यायलाच हवं होतं. गुरुवारच्या एस्टीनं तिला ठाण्याला पाठवायचं ठरलं. ठाण्याला गेलेला सूर्यमाळचा माणूस परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. निर्दोष सुटलेलेसुद्धा वाटेत हरवत.

संध्याकाळी सरकारी डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

“खुबा मोडलाय. पण मेले बुडून. आणि सावकाश. छातीत कोळशाची भुकटी आहे.” डॉक्टरांनी हात पुन्हा पुसले. “आणि नाकात साबणाचा फेस.”

२

ठोमरे मूळचे मोखाड्याचे. पाण्यावरून होणारी भांडणं त्यांनी आईच्या कडेवरून पाहिली होती, त्यामुळं पाण्यासाठी खून होतो यात त्यांना नवल वाटेना. नवल वाटत होतं ते साबणाचं.

बुधवारी सकाळी ते पडवळ्यांकडं गेले. मास्तरांनी घोंगडी टाकली आणि वडिलांचे गुण सांगायला सुरुवात केली. ते फार नव्हते, लवकर संपले. मग मास्तर शुक्रवारकडं वळले. गेल्या आठवड्यात कचेरीतला पट्टेवाला तोंडी निरोप देऊन गेला होता की शुक्रवारी प्रांतसाहेब मोरीची पाहणी करायला येणार आहेत. तो निरोप ऐकल्यापासून दारोगा हवेत होते. खुंटीवरची पगडी उतरवून त्यांनी झटकली होती. वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरता येतं हे ते नव्या सरकारला दाखवणार होते. नुसतं दाखवणार नव्हते, साहेबांच्या डोळ्यांदेखत रांजणातलं पाणी पेल्यात घालून घरच्या माणसाला पाजणार होते.

“कुणाला?” ठोमऱ्यांनी विचारलं.

“ते… बाबांनी ठरवलं होतं,” मास्तर म्हणाले आणि शाळेच्या गळक्या कौलांविषयी बोलू लागले.

मंगळवारी सकाळी काय झालं, हे विचारल्यावर मास्तरांनी सांगितलं की ते पहाटेच बाजारात गेले होते. निघताना वडिलांचा आवाज ऐकला होता. “पाणी थांबवा, पाणी थांबवा,” असं ओरडत होते. रोजच ओरडत. कुणी एक तांब्या जास्त ओतला तरी मागून आवाज यायचा. पलीकडच्या घरच्यांनीही तेच ऐकलं होतं आणि कूस बदलून झोपले होते. मग म्हणे दारोग्यांच्या गुळण्या सुरू झाल्या. या गुळण्या गावात प्रसिद्ध होत्या. त्यावर लोक गुरं सोडत. मंगळवारी त्या जरा लांबल्या, एवढंच पलीकडच्या म्हातारीला आठवत होतं. ती म्हणाली, खवखवत असंल घसा.

ठोमरे मागच्या ओट्यावर गेले. तिथं दारोग्यांचा पितळी तांब्या होता. तोंड धुण्याच्या पाण्याचा. पहाटे भरून ठेवायचा आणि पेंढा बदलून झाल्यावर वापरायचा, असा शिरस्ता.

तांब्या काठोकाठ भरलेला होता. त्यात एक मुंगी पोहत होती.

ठोमरे बराच वेळ त्या मुंगीकडं पाहत उभे राहिले. मग दारोग्यांनी गुळण्या केल्या त्या कसल्या पाण्याच्या, हे त्यांच्या लक्षात आलं.

३

चौकीबाहेर सोमीचा नवरा नवसू येऊन बसला होता. तो सूर्यमाळहून चालत आला होता. त्यानं रडारड केली नाही. वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा राहिलाय, पाऊस आला तर नाचणीचं रोप कुठं टाकू, एवढं त्यानं शिपायाला सांगितलं. शिपाई म्हणाला, ते सरकारला सांग. मग नवसू फौजदारांपुढं उभा राहिला.

“सायेब, हिला ठाण्याला धाडाल त हंडा माझेकडं द्या. हंडा आमचा हाये.”

ठोमऱ्यांनी त्याला बाहेर बसवलं आणि सोमीला विचारलं, काल सकाळी तू काय केलंस. ती म्हणाली, हंडा लावला रांजणापाशी. रांजण कोरडा. मग वाट बघत बसली.

“पाणी का येत नाही ते बघायला आत गेली नाहीस?”

“नाय. म्हाताऱ्यानं सांगितलेला, अळवात पाय टाकलास त हंडा फोडीन. परवा त हंड्याला लाथच मारली. बघा, पोचा पडलाय.”

“काही ऐकलंस?”

“गुळण्या करीत होता. मी म्हटलं, बरा हाये, आज पाण्याची चैन हाये, आमचेकडंपण येल.”

ती हे सरळ म्हणाली. ठोमऱ्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. ज्याच्या मरणाचा आवाज ऐकून बाईला पाण्याची आशा वाटली, त्याच्याच खुनासाठी तिला उद्याच्या एस्टीत बसवायचं होतं. तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं, सरकारी दरानं.

“आदल्या दिवशी घरात भांडण झालं होतं?”

“झाला ना. पेल्यावरून. म्हातारा म्हणला, सायबापुढं पयला पेला आक्का पिईल. आक्का म्हणली, साऱ्यांचे आंगाचा मळ मी पिऊ? मी बाहेरून म्हटलं, मी पिते की, मी त रोज पिते, काय होत नाय. त्यावरून लाथ मारली. म्हणला, तू प्यालीस त्याला कोण विचारतो? आक्का प्यायली त सायेब मानील.”

सोमीनं पोचा पडलेल्या हंड्यावरून हात फिरवला. ठोमऱ्यांनी शिपायाला सांगितलं, हिला चहा दे. शिपायाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं, म्हणून त्यानं तो फौजदारांना दिला.

४

दुपारी ठोमरे परत पडवळ्यांच्या मोरीमागं गेले आणि धोतराचा काचा मारून नव्या पेंढ्यासमोर उकिडवे बसले. सुतकातल्या घरी फौजदार खरकटं उपसतोय हे पाहायला पलीकडची म्हातारी कुंपणावर आली आणि त्यांना नमस्कार करून तिथंच थांबली.

पेंढा पहाटे बदललेला. म्हणजे त्यात जे अडकलं होतं ते दारोगा पडल्यानंतरचं. त्यात बेसनाचे जळके कण होते, तिळाचे दाणे होते, तेलाचा तवंग होता. पेंढ्याच्या एका काडीला साबणाचा वाळका फेस चिकटला होता आणि त्यात बाईचा लांब केस.

मग त्यांनी अळवाकडं पाहिलं. दारोगा ज्या अळवासाठी माणसांना तांब्याच्या हिशेबानं जगवत, त्या वाफ्यात एकही मोठं पान उरलं नव्हतं. नुसती देठांची खुंटं उभी होती, कापलेली. एवढी पानं एकाच वेळी एकाच कारणासाठी कापतात. आणि अळू कापणाऱ्याचे हात खाजतात. खाजऱ्या हाताला चिंच चोळतात.

सुतक लागलं की घरात तेरा दिवस तळण चालत नाही. हे ठोमऱ्यांना आईनं शिकवलं होतं. वड्या खायच्या असतील तर सुतकाआधी तळून घ्याव्या लागतात. अडचण एवढीच, की सुतक कधी लागणार हे आधी ठाऊक पाहिजे.

त्यांनी धाकलीला ओट्यावर बोलावलं. ती दोन्ही हातांनी पदर धरून आली. ठोमऱ्यांनी विचारलं, काल मी आलो तेव्हा तुमचे केस ओले होते. प्रेत घरात असताना कुणी न्हात नाही, न्हातात ते स्मशानातून परत आल्यावर. मग तुम्ही कधी न्हालात?

धाकलीनं आधी खाली पाहिलं, मग बोलायला लागली ती थांबेना. लग्न होऊन आल्यापासून तिला आंघोळीला एक तांब्या मिळत होता. एक. केस धुवायचे ते माहेरी गेल्यावर. माहेरहून आणलेली साबणाची वडी ट्रंकेत तशीच राहिली होती. ती अधूनमधून काढून हुंगायची. मंगळवारी पहाटे आत्याबाई आल्या आणि म्हणाल्या, धाकले, आज डोक्यावरून न्हा. हवं तेवढं पाणी घे. साबण लाव. वड्या केल्यात त्या तळून टाक आणि भांडी लख्ख धुऊन काढ, पाण्याला बघू नको.

“आणि मागून सासरे ओरडत होते, पाणी थांबवा.”

“होय.”

“मग?”

“रोजच ओरडायचे.” तिनं पदराचं टोक पिळलं. “मी आणखी एक बादली घेतली.”

तिला काय कळलं होतं आणि काय नव्हतं, हे तिलाही आता सांगता आलं नसतं. त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. पाणी आलं कुठून? पिंपं भरून ठेवलेली खोली कायम कुलपात, आणि किल्ली दारोग्यांच्या करगोट्याला.

“किल्ली आत्याबाईंकडं होती,” धाकली म्हणाली. “ओल्या चिखलानं भरलेली होती.”

५

आक्का माजघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. ठोमरे उंबऱ्याबाहेर थांबले, कारण सोवळं मोडलं की त्या बोलल्या नसत्या. मास्तर वडिलांची पगडी मांडीवर घेऊन बसले होते.

ठोमऱ्यांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, मास्तर, तुमची सोमी खुनी असेल तर जगातली सगळ्यांत खुळी खुनी आहे. बोळा घातला की रांजण कोरडा पडतो, म्हणजे साऱ्या जव्हारात तोटा एकटीचा, तिचा. शिवाय ज्यानं हे केलं त्यानं पडलेल्या माणसाच्या करगोट्याची किल्ली काढली होती. पाण्याच्या खोलीची किल्ली हातात असताना रिकामा हंडा घेऊन वाट बघत कोण बसेल?

“मग कोण?” मास्तरांनी विचारलं, पण आत्याकडं न बघता.

“तुम्ही मंगळवारी वड्या खाल्ल्यात?”

मास्तरांनी मान डोलावली. खमंग झाल्या होत्या, असं ते म्हणणार होते, पण त्यांनी ते गिळलं.

ठोमरे आक्कांकडं वळले. “आक्का, बोळा कशाला घातलात?”

आक्कांनी नाही म्हटलं नाही. एवढा साधा प्रश्न पोलिसाला पडावा याचंच त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं.

“मढ्याला घातलेलं पाणी अळवाला जाऊ द्यायचं? मग ते अळू कोण खाणार? फुटवा तर येणारच होता.”

“तुम्ही बोळा घातलात तेव्हा ते मढं नव्हतं.”

“होणारच होतं की,” आक्का म्हणाल्या. “खुबा मोडलेला म्हातारा कितीसा टिकतो?”

पगडी मास्तरांच्या मांडीवरून खाली पडली. कुणी उचलली नाही.

मग आक्कांनी सगळं सांगितलं, चिंच चोळत. आवाज ऐकून त्या मागं गेल्या तेव्हा दारोगा कुंडीत उलटे अडकले होते. कुंडी रिकामी होती. त्यांनी म्हटलं, आक्का, उचल. आक्कांनी म्हटलं, आधी सांग, शुक्रवारी पेला कोण पिणार? दारोगा म्हणाले, तूच. त्यांना तेवढ्या अवस्थेतसुद्धा साहेब दिसत होते. आक्कांनी किल्ली काढून घेतली, बोळा बसवला, अळू कापलं आणि आत आल्या.

“कुंडी भरेल हे तुम्हाला ठाऊक होतं,” ठोमरे म्हणाले.

“मला कसं ठाऊक असणार? तोच वर्षानुवर्षं सांगत होता, या घरात माझ्या हयातीत कुंडी भरण्याएवढं पाणी सांडणार नाही.” त्यांनी बोटं न्याहाळली. “नाही सांडलं हयातीत.”

“शेवटी काय म्हणाले?”

“पाणी थांबवा म्हणाला. मग तीर्थ प्यायला लागला. मला पाजणार होता ना.”

६

गुरुवारच्या एस्टीत आक्का बसल्या. सोमीसाठी काढलेलं तिकीट वाया गेलं नाही, याचं शिपायाला समाधान वाटलं. आक्कांनी सोबत स्वतःचं पाणी घेतलं होतं. वाटेत दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी पिणार नाही असं त्यांनी शिपायाला बजावलं. शिपायानं सांगितलं की तुरुंगात सगळ्यांचं पाणी एकाच हौदातलं असतं. तेव्हा मात्र आक्का पहिल्यांदा रडल्या.

सोमीला सोडलं. हंडा मुद्देमालात गेला होता, तो खटला संपेपर्यंत देता येईना. नवसूनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं की हंडा आमचा हाये. ठोमरे म्हणाले, मला ठाऊक आहे. दोघं नवराबायको मोकळ्या हातांनी राब भाजायला सूर्यमाळची वाट चालू लागली.

धाकलीनं त्याच संध्याकाळी रांजण उकरून काढला आणि उलथून त्यावर धुणं वाळत घातलं. मास्तरांनी तिला काही म्हटलं नाही. पण शुक्रवारी सकाळी त्यांनी अंगण झाडून घेतलं, कुंडी रिकामी करून चुना मारला, नवा पेंढा घातला, रांजण पुन्हा जागेवर बसवला आणि वडिलांची पगडी घालून दारात उभे राहिले. साहेब आले तर पेला स्वतः प्यायची त्यांची तयारी होती. वडिलांसाठी एवढं तरी करावं, असं त्यांना वाटत होतं. रस्त्यापलीकडं, सावलीत, ठोमरे उभे होते.

प्रांतसाहेबांची जीप दहाच्या सुमारास गावात आली आणि न थांबता घरावरून पुढं गेली. मोखाड्याच्या रस्त्याखालची ओढ्याची मोरी गेल्या पावसात खचली होती. साहेबांनी ती वाकून पाहिली, तिथं नवा नळ टाकायला सांगितलं आणि जेवायला परत गेले.